कपाटातला वारा

उन्हाळ्याच्या दुपारी आमच्या घरात एक आवाज असायचा, तो मला अजून झोपेत ऐकू येतो. बारीक, एकसुरी, दूर कुठल्या तरी झाडावर मधमाश्यांचं पोळं असावं तसा. तो माजघरातल्या सागवानी कपाटातून यायचा. त्या कपाटात माय आधी बियाण्याची मडकी आणि पाहुण्यांसाठीची पितळी भांडी ठेवायची. मग माझ्या मोठ्या भावानं, दिलीपनं, गोंदियाच्या एका शेठच्या भागीदारीत गावात केबल आणली. अंगणात तुळशीच्या मागे लोखंडी डिश उभी राहिली, मडकी माळ्यावर गेली, आणि कपाटाच्या फळ्यांवर काळे डबे ओळीनं येऊन बसले. रिसिव्हर, मॉड्युलेटर, अॅम्प्लिफायर. डिशनं आभाळातून धरलेलं चित्र या डब्यांमधून गाळून निघायचं आणि तारांनी घराघरांत जायचं. गावातले सगळे टीव्ही आमच्या माजघरातून चालतात, या गोष्टीचं मला इतकं अप्रूप होतं की मी येता-जाता कपाटाला हात लावून जायची. माय देवाला लावते तसा.

आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या अलीकडे, कालव्याच्या काठाला. पावसाळ्यात सगळीकडे धान आणि उन्हाळ्यात नुसत्या रिकाम्या, भेगाळलेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. अंगणात मोहफुलं वाळत घातलेली असायची आणि त्यांचा गोड, जड वास घरभर पसरलेला असायचा. दुपारच्या जेवणाला गार पेज, कच्चा कांदा आणि वाळलेल्या झिंग्यांची चटणी. बाबूजी जेवून सपरीत, म्हणजे ओसरीवर, आडवे व्हायचे. ते शेती करायचे आणि बाजारात बैलांचे सौदेही जुळवून द्यायचे. घासाघीस कशी करायची, कुठे गप्प राहायचं आणि कुठे उठून चालायला लागायचं, हे मी त्यांच्या मागे बाजारात फिरून शिकले. त्यांनी मला मुद्दाम शिकवलं नाही. भावाला शिकवलं, त्याला आलं नाही.

कपाट बंद ठेवावं लागायचं. शेजारच्या खोलीत धानाची रास असायची, तिचा धुरळा माजघरात तरंगत राहायचा. आणि एकदा एक पाल अॅम्प्लिफायरच्या मागच्या तारांवर आडवी झाली, सिनेमातलं लग्न लागता लागता गावभरातली चित्रं गेली. पाल मेली, डबाही मेला. तेव्हा शेठनं स्वतः कुलूप आणून लावलं आणि मायला बजावलं, “माताजी, पेटी बंद रहेगी. चाबी आपके पास.” मायनं किल्ली कमरेला खोचली. पण बंद पेटीत धग साठते, हे शेठच्या डोक्यात आलं नव्हतं आणि आमच्याही. चैत्र संपता संपता दुपारची चित्रं बिघडायला लागली. आधी आडव्या रेषा, मग मुंग्या, मग काहीच नाही. भाऊ दार उघडायचा, आणि माय हातात सूप घेऊन त्या डब्यांना वारा घालत उभी राहायची. धान पाखडावं तसं ती मशीन पाखडायची. बाहेर सायकलींवरून लोक यायचे आणि हीरो मेला की वाचला ते तरी सांगा म्हणायचे.

शेठ एका दुपारी आला, नेमकं चित्र गेलेलं असताना. त्यानं आवाज चढवला नाही. पाणी प्यायला, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, नवतपा निघाला तर ठीक, नाहीतर मी सगळी मशीन उचलून माझ्या राइस मिलमध्ये ठेवतो, तिथे थंड खोली आहे. मे अखेरचे जे भाजून काढणारे दिवस असतात त्यांना आमच्याकडे नवतपा म्हणतात. ते दिवस अजून लांब होते, पण भावाचा चेहरा त्याच दिवशी उतरला.

माझा चेहरा उतरला नाही. मला त्यात माझी संधी दिसली. माझी बारावी झाली होती आणि मला गोंदियाला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं होतं. घरात हा विषय निघाला की बाबूजी पानाचा डबा उघडायचे आणि उत्तर पानाबरोबर चावून टाकायचे. त्या संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसले आणि माय ऐकेल एवढ्या आवाजात विचारलं, “बाबूजी, नवतपाभर कपाट बंद पडलं नाई, त मले आयटीआयले धाडाल का?”

ते हसले. “धाडीन,” म्हणाले. “आन पडलं त लगनाचं पाहू. मंग तोंड उघडायचं नाई.”

मी हो म्हटलं. भाऊ पलीकडे बसून ऐकत होता. त्याला माझ्या शिक्षणाशी देणंघेणं नव्हतं, पण मशीन वाचली तर त्याला हवीच होती.

आता थंड करायचं म्हणजे काय करायचं? आमच्या मुलखात या प्रश्नाला एकच उत्तर आहे. कूलर. पाणी, वाळ्याची ताटी आणि मागून वारा. माणूस त्यात थंड होतो, तर मशीन का नाही? मी कपाटाच्या मागची फळी काढली, तिथे वाळ्याची ताटी बसवली, दवाखान्यातून सलाइनची रिकामी बाटली मागून आणली आणि ती वर टांगून थेंब थेंब पाणी ताटीवर सोडलं. मागे टेबलफॅन लावला. भावानं पुढच्या दारांना गिरमिटानं भोकं पाडली, जिथे हात पोचेल तिथे, म्हणजे वारा निघून जाईल.

ते दिवस मला स्वप्नासारखे आठवतात. माजघरात वाळ्याचा गार, मातकट सुवास भरून राहायचा. शेजारच्या बाया निवडायला काहीतरी घेऊन यायच्या आणि कपाटाशी टेकून बसायच्या. माय दुपारी तिथेच डोकं ठेवून झोपायची. डबे हाताला कैरीसारखे गार लागायचे. बाहेर बांध्यांवरून उन्हाच्या लाटा हलताना दिसायच्या आणि आत थेंब पडल्याचा टप् असा आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टप्. मी अर्धवट झोपेत गोंदियाच्या आयटीआयचा वर्ग बघायची. मी तो कधी पाहिला नव्हता, पण त्यात ओळीनं टेबलं होती आणि सगळ्यांवर वाळ्याचा वास होता. चित्र एकदाही गेलं नाही. भाऊ गावात सांगत फिरला की आमच्या मशीन उसाचा रस पिऊन बसल्यात.

मग एका दुपारी आतून फट् झालं आणि जळका वास आला. दार उघडलं तर तारांच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली, डब्यांच्या पत्र्यांवर घाम आलेला. भाऊ अंगणात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मशीनले आंघोळ घातली इनं. आता हळद लावाची तेवढी राहिली.” आजही त्या वाक्यानं माझं कपाळ तापतं, कारण भोकं पाडताना तो माझ्याइतकाच खूश होता. मी ती ओली ताटी उचलून त्याच्या अंगावर फेकली. डबा गोंदियाला जाऊन दुरुस्त होऊन आला. शेठनं भावाला काय सुनावलं ते त्यानं सांगितलं नाही, पण परत आल्यावर तो माझ्याशी बोलेना. आणि बाबूजींनी एका सोयरिकीसाठी निरोप धाडल्याचं मला मायकडून कळलं.

त्यानंतर काही दिवस मी कपाटासमोर नुसती बसून राहायची. काय करायचं ते सुचत नव्हतं. एका दुपारी, चिडून म्हणा किंवा देवाला साकडं म्हणा, मी देव्हाऱ्यातल्या उदबत्त्यांचा जुडगा पेटवून कपाटात खालच्या फळीवर ठेवला, मागच्या उघड्या बाजूला तळाशी टेबलफॅन लावला, वरचा भाग गोणपाटानं झाकला आणि दारं बंद केली. छपरावरच्या कवेलूंच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आली होती, ती दाराच्या भोकांमधून आत शिरत होती. मी एका भोकाला डोळा लावला. खालच्या फळीवरचा धूर पंख्याच्या वाऱ्यानं सरळ पुढे येत होता आणि समोरच्याच भोकांतून बाहेर पळत होता. वरच्या फळीवर, जिथे सगळ्यात तापणारे डबे होते, तिथे थोडासा धूर चढून नुसता उभा होता. झोपलेल्या माणसाच्या अंगावरच्या पांघरुणासारखा, जरासा हलायचा आणि पुन्हा निवांत. आम्ही इतका वारा आत ढकलत होतो, आणि त्याचा त्या डब्यांना पत्ताच नव्हता.

मग मी फॅन बंद केला. आणि जे पाहिलं ते इतकं सुंदर होतं की मी हलले नाही. धूर आपोआप उठला. डब्यांच्या मागून, फळ्यांच्या कडांवरून, एकेक पायरी चढावी तसा वर गेला, छताच्या फळीशी पोचला, तिथे हात फिरवत राहिला, आणि वाट न मिळाल्यानं परत खाली यायला लागला. त्याला वर जायचं होतं. त्याला ढकलायची गरज नव्हती. वरून कुणी ओढलं असतं तर पुरे होतं. उदबत्त्या विझेपर्यंत मी तिथेच होते. मला वाटतं माझ्या पुढच्या सगळ्या आयुष्याची सुरुवात त्या भोकातून झाली. राइस मिलच्या पॅनलपासून नागझिऱ्याच्या जंगलाच्या गेटवरच्या कॅमेऱ्याच्या पेटीपर्यंत मी आजवर जे जे थंड केलं, ते आधी धूर सोडून पाहिलं. इंजिनिअर लोक हसतात. हसू देत, पैसे आगाऊ घेते.

पंखे आणायला मी भावाबरोबर गाडीनं गोंदियाला गेले; रुसलेला होता, पण मशीन त्यालाही वाचवायची होती. भंगारवाल्याकडे बंद पडलेल्या कॉम्प्युटरांमधले तळहाताएवढे चौकोनी पंखे ढिगानं पडले होते. भावानं पहिला हाताला लागला तो उचलला. मी खाली बसले आणि एकेक पंखा कानाशी धरून त्याच्या पात्यावर फुंकर मारायला लागले. जो खरखरायचा तो बाजूला, जो गुपचूप फिरत राहायचा तो माझा. भंगारवाल्यानं भाव सांगितला, मी त्याचा निम्मा सांगितला, तो चिडला, मी उठून चालायला लागले, त्यानं हाक मारली. हे असं बराच वेळ चाललं. शेवटी दोन पंख्यांवर त्यांना वीज देणारा अॅडॅप्टरही मी फुकट मागितला तेव्हा तो भावाकडे बघून म्हणाला, “भैया, बहन खरीदने आई है कि लूटने?” भाऊ लाजला. मला मात्र तो माझा पहिला मानपत्राचा कार्यक्रम वाटला.

घरी येऊन मी सगळ्यात आधी मागची फळी परत ठोकली आणि दारांची भोकं बुजवली. पत्र्याचे तुकडे आणि लांबी लावून एकेक बंद केलं. भाऊ बघत राहिला आणि मग मायला म्हणाला, “हवा पायजे होती, त इनं हवेचीच वाट बुजवली. हिले दवाखान्यात दाखव व माय.” खाली, अगदी तळाला, एक लांबट फट ठेवली आणि धुरळा येऊ नये म्हणून तिच्यावर मायच्या जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा चौकटीत ताणून बसवला. फळ्या मागून चार बोटं कापल्या, म्हणजे वाऱ्याला चढायला जागा. प्रत्येक डब्याखाली सोड्याच्या बाटल्यांची झाकणं ठेवली, म्हणजे बुडालाही वारा लागेल. आणि वर छताच्या फळीत दोन्ही पंखे उलटे बसवले, आत फुंकणारे नाही, बाहेर ओढणारे. त्यांच्यावर पत्र्याचं धुराडं करून ते कवेलूंमधून बाहेर काढलं. मग खालच्या फटीशी उदबत्ती धरली. धूर क्षणभर रेंगाळला आणि कुणी हाक मारल्यासारखा आत गेला. थोड्या वेळानं शेजारची काकू पाण्याची बादली घेऊन धावत आली, कारण आमच्या छपरातून धूर निघत होता.

नवतपा आला. तसा उन्हाळा मी नंतर पाहिला नाही, किंवा तसा पाहायला मला नंतर वेळ मिळाला नाही. कावळे चोची उघड्या टाकून सावलीत बसायचे. कालव्याच्या कोरड्या तळातून गरम वारा यायचा आणि अंगणातली वाळकी पानं गोल गोल फिरवून पुन्हा तिथेच ठेवायचा. दुपारी सगळं गाव दारं लोटून घरात असायचं, आणि प्रत्येक घरातून एकाच सिनेमाचा आवाज यायचा, त्यामुळे रस्त्यानं चाललं तर गाणं तुटायचं नाही. मी कपाटाशी चटई टाकून पडायची. दर थोड्या वेळानं वरच्या फळीला तळवा लावायची. कोमट. तेवढंच. डब्यांचा जुना गुंजारव आणि त्याच्यावर पंख्यांचा नवा, पातळ आवाज, असे दोन सूर मिळून मला झोप यायची आणि झोपेतही हात फळीलाच असायचा. माय पन्हं घेऊन यायची, बाजूला ठेवायची. कपाटाची किल्ली तिनं त्याच दिवसांत माझ्याकडे दिली होती, कारण लुगड्याचा तुकडा मी रोज धुऊन वाळवून पुन्हा लावायची.

कपाट एकदाही बंद पडलं नाही.

शेठ आला, वरच्या फळीवर हात ठेवला, धुराड्याकडे मान वर करून पाहिलं. मी दाराशी उभी होते. त्यानं भावाच्या पाठीवर थाप मारली. “वाह दिलीप, दिमाग है तेरे में.” भाऊ जमिनीकडे बघत होता. मी वाट पाहिली. मग तो म्हणाला, “बस जी, जमवलं कसंतरी.”

हे वाक्य मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. पण ते एकटं असतं तर मी गिळलं असतं. त्या रात्री जेवताना मी आयटीआयच्या प्रवेशाची मुदत संपत आल्याचं सांगितलं, तेव्हा बाबूजींनी भातात डाळ कालवत शांतपणे विचारलं की तू गेलीस तर कपाट कोण पाहील? पंखे पुसायला, फडकं धुवायला, दिलीपला तर आतलं काही कळत नाही. घरीच शिकून राहिलीस, तिकडे जाऊन आणखी काय शिकशील? ते रागावलेले नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी काम इतकं चोख केलं होतं की त्याच कामानं मला घराला बांधून टाकलं होतं. भाऊ घास चावत राहिला. त्याच्या जिभेवर एक शब्द होता, तो त्यानं डाळीबरोबर गिळला.

दोन-चार दिवस मी नेहमीसारखी वागले. मग रविवार आला. दुपारचा सिनेमा सुरू झाला, गावातली सगळी दारं लोटली गेली. मी पंख्यांचा अॅडॅप्टर काढला, खालच्या फटीत गोणपाट कोंबलं, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरून कपाटाला पाठ टेकून बसले. पंख्यांचा आवाज थांबला तसं भावानं डोकं वर केलं. त्याला कळायला वेळ लागला नाही. त्यानं किल्ली मागितली. मी नाही म्हटलं. तो पुढे आला तेव्हा माय, जी कोपऱ्यात मोहफुलं निवडत होती, सूप घेऊन उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. निवडणं चालूच होतं. “हात लावून पाय,” ती त्याला म्हणाली, वर न बघता.

मी बाबूजींना सांगितलं, मला जे कबूल केलं ते पाहिजे. ते पलीकडे पंख्याखालच्या खाटेवर उठून बसले आणि म्हणाले की तुझं डोकं थंड झाल्यावर बोलू. मी म्हटलं, माझं थंड आहे, कपाटाचं बघा. माझ्या पाठीमागे लाकूड तापत चाललेलं मला पोलक्यातून कळत होतं. बाहेर सिनेमातलं गाणं घराघरांतून एका सुरात चाललं होतं. मग त्यात खरखर आली. मग ते एकदम थांबलं. सगळ्या घरांत, एकाच क्षणी. आणि त्या शांततेत मला कितीतरी महिन्यांनी गावाचा स्वतःचा आवाज ऐकू आला. होल्यांचं घुमणं. विहिरीवरच्या बादलीची कडी. लांब कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा. मी सगळं विसरून ऐकत बसले. इतकी शांत मी त्याआधी कधी नव्हते.

मग दारं उघडायला लागली, सायकलींच्या घंट्या आमच्या घराकडे यायला लागल्या. भावाच्या कपाळावर घाम होता. “बाबूजी,” तो म्हणाला, “मशीन जळन जी. शेठ नेऊन टाकन समदं.”

बाबूजी माझ्याकडे बघत होते. बाजारात समोरचा माणूस खरंच उठून जाणार की नुसता आव आणतोय, हे पाहताना बघायचे तसे. “जाय,” ते म्हणाले. “उद्या नेऊन घालतो गोंदियाले. उघड आता.”

“मागच्या वेळी बी तुम्ही हो म्हनलं होतं,” मी म्हटलं. “हात द्या.”

बैलाचा सौदा तोंडानं ठरत नाही. हातात हात दिला की ठरतो, आणि दिलेला हात कुणी मागे घेत नाही, घेतला तर त्या बाजारात त्याला पुन्हा कुणी विचारत नाही. बाबूजींनी आयुष्यात कितीतरी जणांना हात दिला असेल. पोरीला नव्हता दिला. ते खाटेवरून उठले, माझ्यासमोर आले, आणि त्यांनी हात पुढे केला. तो खरखरीत होता, आणि गरम. मी उठले आणि कुलूप उघडलं.

दुसऱ्या दिवशी ते मला गोंदियाला घेऊन गेले. पुढचं सगळं मी माझ्या हिमतीवर केलं, त्याबद्दल कुणाचं काही देणं नाही. कपाटाचे पंखे दिलीपनं बसवले, असंच गावात अजून सांगतात, आणि तो सांगू देतो. परवा त्याच्या नातवाच्या बारशाला पाहुण्यांमध्ये जुन्या केबलचा विषय निघाला. त्या रविवारी सिनेमा अर्ध्यात का गेला होता, कुणीतरी विचारलं. भाऊ हसून म्हणाला की लाइन गेली होती, वीजच नव्हती. मी पंगतीत बसले होते, जिलेबी पुढ्यात होती, भांडण काढायची वेळ नव्हती. म्हणून इथे लिहून ठेवते. लाइन गेली नव्हती. बाबूजींच्या खाटेवरचा पंखा फिरत होता.